पहाटेचा दुसरा लिटर

मराठी घरांत सकाळचा पहिला चहा आणि ‘पोट साफ झालं का?’ हा प्रश्न यांच्यात फारसं अंतर नसतं. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची त्यातून हजेरी घेतली जाते, आणि औषधांच्या दुकानातला एक आख्खा कप्पा त्या एका प्रश्नावर चालतो. इतकी तालीम झालेल्या माणसाला दवाखान्यातून ‘दुर्बिणीच्या तपासणीला येताना पोट साफ करून या’ असं सांगितलं की त्यात त्याला नवं काही वाटत नाही. रात्री दोन चमचे चूर्ण, सकाळी एक फेरी, झालं की!

फसगत होते ती इथेच. मोठ्या आतड्यात दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरच्या लेखी ‘साफ’ या शब्दाचा अर्थ फार कडक आहे. शेवटी शेवटी बाहेर पडणारं पाणी गाळलेल्या लिंबू सरबतासारखं आरपार दिसलं पाहिजे. फिकट पिवळेपणा राहिला तरी चालतो, तो पित्ताचा असतो. पण पाणी गढूळ असेल, तळाशी कण दिसत असतील, तर पंधरा वेळा जाऊन आलेल्या माणसाचंही काम अजून संपलेलं नसतं. कोलोनोस्कोपीसाठी आलेल्या दर चार-पाच जणांपैकी एकाची तयारी अपुरी ठरते, असं जगभरचे अभ्यास सांगत आले आहेत. म्हणजे तितक्या लोकांचा उपास, जागरण आणि बऱ्याचदा पैसाही वाया.

उपास या शब्दानंही आपल्याकडे वेगळाच घोळ होतो. ‘आदल्या दिवशी जेवायचं नाही’ हे ऐकलं की मनात आपोआप उपासाचा मेनू उघडतो, आणि जे चतुर्थीला चालतं ते तपासणीलाही चालत असणार असं गृहीत धरलं जातं. साबुदाण्याचा स्वतःचा फारसा गुन्हा नाही. तो जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, लहान आतड्यातच पचून जातो. खिचडीतलं दाण्याचं कूट मात्र पचत नाही तितक्या सहजी. दुर्बिणीतून पाणी आणि मळ ओढून घेणारी नळी जेमतेम चार मिलिमीटर व्यासाची असते. तिच्या तोंडाशी दाण्याचा तुकडा, पेरूची बी किंवा टोमॅटोचं साल येऊन बसलं की ओढणं बंद. म्हणून तपासणीआधीचे एक-दोन दिवस आहाराचे नियम उलटे होतात. ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, फळं हे सगळे गुणी पदार्थ बाहेर, आणि एरवी आहारतज्ज्ञ ज्याच्या नावानं बोटं मोडतात तो पांढरा मऊ भात आत. आदल्या दिवशी तर नुसते आरपार दिसणारे द्रव: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. कोकम सरबतही गाळलं की आरपारच दिसतं, पण ते वर्ज्य. त्याचा लाल रंग आतड्याच्या अस्तरावर रक्तासारखा भासू शकतो.

एवढा काटेकोरपणा का, हे कळायला आतून दिसणारं दृश्य डोळ्यांसमोर आणावं लागतं. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब, आणि आतून घड्याघड्यांचं. डॉक्टर दुर्बीण आधी थेट शेवटापर्यंत नेतात. शेवट म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे लहान आतडं मोठ्याला येऊन मिळतं ती सीकम नावाची पिशवी. खरी पाहणी होते ती दुर्बीण मागे घेताना, आणि त्याला किमान सहा मिनिटं द्यावीत असा संकेत आहे. या सहा-आठ मिनिटांत शोधायचं काय, तर काही मिलिमीटरांच्या गाठी, पॉलिप. त्यांतल्या काही देठावर उभ्या असतात, त्या डोळ्यांत भरतात. काही चपट्या असतात, अस्तराशी एकरूप झालेल्या. त्यांच्यातला एक प्रकार तर अंगावर चिकट स्रावाची टोपी घालून बसतो. पातळ मळाचा एक हलका थर आला की ही टोपी त्यात मिसळून जाते. उजवी बाजू ही या चपट्या गाठींची आवडती जागा, आणि सर्वात उशिरा, सर्वात वाईट साफ होणारी जागाही तीच.

रोनाल्ड रेगन यांच्या आतड्यात 1985 च्या जुलैमध्ये सापडलेली मोठी गाठ सीकममध्येच होती. ती काढायच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रं काही तास उपाध्यक्ष बुश यांच्याकडे गेली, आणि तपासणीअंती गाठ कर्करोगाची निघाली. भारतात या कोपऱ्याला आणखी एक महत्त्व आहे. आतड्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून गेलेला नाही आणि त्याची सर्वात लाडकी जागा म्हणजे लहान-मोठ्या आतड्यांचा हाच सांधा. तिथला व्रण क्षयाचा की क्रोन्स आजाराचा, हे ठरवताना भलेभले डॉक्टर चाचपडतात. पाश्चात्त्य देशांत ही तपासणी बरीचशी धडधाकट माणसांतल्या गाठी शोधायला होते. आपल्याकडे ती बहुतेकदा रक्त पडतंय, वजन घटतंय, दुखणं थांबत नाही म्हणून होते. उजवा कोपरा न दिसणं आपल्याला जास्तच महागात पडतं.

बारीक गाठी शोधण्याचं फळ किती, याचा हिशेब 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांवरून मांडला गेला. शंभरांमागे एका जास्तीच्या माणसात कर्करोगपूर्व गाठ शोधून काढणाऱ्या डॉक्टरच्या रुग्णांना पुढे हा कर्करोग होण्याचा धोका सुमारे 3 टक्क्यांनी कमी निघाला. गाठ दिसली की तिथल्या तिथे तारेचा फास टाकून काढता येते. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी 1969 पासून हे करून दाखवलं आणि पोट न फाडता आतड्यातली गाठ काढायचा रस्ता मोकळा झाला. प्रकाश आत नेणारे काचतंतूंचे जुडगे त्याआधीच तयार होते. 1954 मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत ते जुळवणारे नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचे. म्हणजे दिवा आला, डोळा आला, फासही आला. आता प्रश्न उरला झाडूचा.

झाडू म्हणून माणसाच्या हाती फार आधी आलं ते एरंडेल. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीला रविवारची सकाळ, नाक दाबून धरणारी आई आणि तो चिकट चमचा आठवतो. एरंडेल जुलाब का आणतं, हे इतकी शतकं ते पाजूनही नीट ठाऊक नव्हतं. 2012 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातून सुटणारं रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या एका ठरावीक ग्राहीला जाऊन चिकटतं आणि आतडं आकुंचन पावू लागतं. दुसरा उपाय खालून पाणी चढवायचा. आयुर्वेदाच्या पंचकर्मांतली बस्ती ती हीच, आणि इजिप्तच्या जुन्या पपायरसांतही एनिमा आहेच. हठयोगी तर पाण्यात बसून, कुठलंही यंत्र न वापरता पाणी वर ओढून घेत. हे कसं होतं याचा छडा लोणावळ्यात लागला. कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी 1924 च्या सुमारास दाबमापक लावून दाखवलं की पोटाचे स्नायू फिरवण्याची नौली ही क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. पाणी चढतं ते या पोकळीमुळे. तिला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं.

पण खालून चढवलेलं पाणी डावी बाजू बरी धुतं, उजव्या कोपऱ्यापर्यंत त्याचा भरवसा नाही. मग 1970 च्या दशकात काही डॉक्टरांनी वरून धुवायचं ठरवलं: नाकातून जठरात नळी आणि तीतून दहा लिटरच्या आसपास मिठाचं पाणी. हठयोगातलं शंखप्रक्षालन ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात ओळखीचं काही दिसेल. आतडं खरंच लख्ख होई. मात्र आतडं ही काही नुसती पन्हळ नव्हे. त्यातून जाणारं मीठ आणि पाणी ते शोषून घेतं, तेच तर त्याचं रोजचं काम. आपण पितो ते दोन लिटर आणि शरीर स्वतः ओततं ते सात लिटर, असे रोज नऊएक लिटर द्रव आतड्यात उतरतात, आणि बाहेर पडतात जेमतेम शे-दोनशे मिलिलिटर. दहा लिटर खारं पाणी अशा शोषक नळीतून सोडलं की त्यातलं बरंच रक्तात जाणार. तपासणीला आलेल्या माणसाचं वजनच वाढायचं. हृदय किंवा मूत्रपिंड अधू असेल, तर ते त्याच्या जिवावर बेतणारं.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, हे ज्या घरात लोणचं घातलं जातं तिथे कुणाला समजवावं लागत नाही. त्याच तत्त्वावर मॅनिटॉल आलं. ही न शोषली जाणारी साखरेची बहीण आतड्यात बसून शरीरातून पाणी ओढून घेते. गोड, स्वस्त, प्यायला सोपी. तिच्यावर आतड्यातले जिवाणूही खूश झाले, कारण ती त्यांना खाता येई. खाऊन ते वायू सोडत, त्यात हायड्रोजन. फ्रान्समध्ये मॅनिटॉल प्यायलेल्या एका रुग्णाची गाठ विजेच्या तारेनं कापताना आतड्यात स्फोट झाला आणि तो दगावला. 1979 मध्ये हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हवेत हायड्रोजन 4 टक्के झाला की ठिणगी पुरते.

आता नेमकं काय हवं, हे सगळ्या अपघातांनी मिळून सांगितलं होतं. शरीरातून पाणी ओढणार नाही, शरीरात पाणी ढकलणार नाही, आणि जिवाणूंना खाताही येणार नाही असं एक द्रावण. वरून ओतावं आणि जसंच्या तसं खालून निघावं.

ते जमवलं डॅलसमधल्या बेलर वैद्यकीय केंद्रातल्या जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, 1980 मध्ये. फोर्डट्रान यांचं आयुष्य आतड्यातली मीठ-पाण्याची देवघेव मोजण्यात गेलं होतं, आणि या द्रावणात त्यांनी ती देवघेव जवळजवळ शून्यावर आणली. दोन युक्त्या त्यात होत्या. पहिली, पॉलिएथिलीन ग्लायकॉल. ही लांबच लांब साखळीची रेणुमाळ आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही, जिवाणूंना पचत नाही, आणि स्वतःभोवती पाणी धरून ठेवते. शरीराकडे पाणी मागायची तिला गरजच नाही, आपला पाण्याचा हंडा ती सोबतच घेऊन निघते. दुसरी युक्ती सोडियम सल्फेटची. साध्या मिठातलं क्लोराइड सोबत असलं की आतडं सोडियम सहज आत घेतं. सल्फेट सोबत दिलं की सोडियमची ही वाट अडते आणि पाणीही बाहेरच राहतं. अमेरिकेत 1984 मध्ये हे द्रावण ‘गोलायटली’ नावानं बाजारात आलं. नावातला ‘लाइट’ इलेक्ट्रोलाइटचा, आणि उच्चार ‘हलकेच जा’ असा. चार लिटर प्यायलेल्यांपैकी कुणी त्या नावाशी सहमत असेल असं वाटत नाही.

या रसायनाची एक दूरची कामगिरी सांगण्याचा मोह आवरत नाही. 1628 मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडिश युद्धनौकेचं धूड 1961 मध्ये वर काढलं गेलं. पाण्यानं फुगलेलं ते लाकूड सुकताना तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं हेच पॉलिएथिलीन ग्लायकॉल फवारत होते. लाकडात पाण्याची जागा घेऊन त्यानं नौका टिकवली. रात्री दहाला तिसरा पेला नाकाशी धरून बसलेल्या माणसाला याचं कौतुक वाटेलच असं नाही.

चव ही खरी अडचण. सल्फेटमुळे ते खारट, जरासं शिळकट लागतं. साहजिकच घरचे प्रेमानं सुचवतात, दोन चमचे साखर टाकू का? नको, आणि त्यामागचं कारण थेट 1971 च्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावात जातं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-पाणी पिपांतून वाटलं आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. ती किमया अशी होती की ग्लुकोज आतड्यात शिरताना सोडियमला हाताला धरून आत नेतं आणि पाणी त्यांच्यामागून जातं. ओआरएस जीव वाचवतं ते या दारातून. पोट धुणाऱ्या द्रावणाला नेमकं हेच दार बंद हवं आहे. सरबत प्यायचं तर मधल्या वेळात, वेगळ्या पेल्यातून. द्रावण फ्रिजमध्ये गार करावं, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला घ्यावा, मळमळलं तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावं, इतकी मुभा आहे.

कमी पिऊन काम भागावं म्हणून माणसानं धडपड केली नाही असं नाही. फॉस्फेटचं औषध त्यातलंच. दोन छोट्या बाटल्या, वर साधं पाणी. लोकांना ते मनापासून आवडलं. पण काहींच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक सूक्ष्म नलिकांत साचले आणि ती निकामी झाली. 2008 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ठळक चौकटीतला इशारा दिला. पुढे दोन लिटरची द्रावणं आली, मग चोवीस गोळ्यांचा संचही आला, तरी गोळ्यांबरोबरचं पाणी काही चुकलं नाही. भारतात सर्रास मिळते ती पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पुडी, दोन लिटर पाण्यात विरघळवायची.

औषधापेक्षाही मोठा फरक पडला तो वेळापत्रकानं. पूर्वी सगळं औषध आदल्या संध्याकाळी घ्यायचं असे. रात्री अकरापर्यंत पोट रिकामं, मग शांत झोप. सकाळी दुर्बीण घातली की डावी बाजू स्वच्छ आणि उजव्या कोपऱ्यात हळदीच्या पाण्यासारखा चिकट पिवळा लेप. रुग्ण शपथेवर सांगे की रात्रीपासून पाण्याचा घोटही घेतलेला नाही. तो खोटं बोलत नव्हता. माणूस झोपला तरी यकृत पित्त सोडतंच, स्वादुपिंड रस सोडतं, अस्तराच्या जुन्या पेशी झडत राहतात. शिवाय रिकाम्या लहान आतड्यातून दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट वरून खाली जाते, घर झाडल्यासारखी. हा झाडलेला केर पडतो कुठे, तर सीकमच्या उंबऱ्यावर. संध्याकाळी धुतलेलं अंगण पहाटेपर्यंत आतल्या केरानंच भरून जातं.

म्हणून औषध दोन हिश्शांत: अर्धं संध्याकाळी, उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सकाळी नऊची वेळ असेल तर पहाटे चारला गजर. शेवटचा घोट तपासणीच्या किमान दोन तास आधी संपलेला हवा, आणि भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच खरी. या दुसऱ्या लिटरनं उजवी बाजू उजळते, हे इतक्या चाचण्यांत दिसलं आहे की अमेरिका आणि युरोपच्या मार्गदर्शक सूचना आता यावर एकमुखी आहेत.

सूचना लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कागदावर न लिहिता गृहीत धरली आहे: स्वतःचा, रिकामा, दार लावता येणारा संडास. गिरणगावातल्या चाळीत मजल्याच्या टोकाला सामाईक संडासांची रांग असते. पहाटे साडेचारला तिथे नळाच्या पाण्याची आणि कामावर निघालेल्यांची गर्दी सुरू झालेली असते. जालन्याहून संभाजीनगरला किंवा साताऱ्याहून पुण्याला एसटीनं येणाऱ्या माणसानं दुसरा लिटर कुठे प्यायचा? तो एकतर पीतच नाही, किंवा घाबरून मध्यरात्रीच संपवतो. अशा रुग्णाला आदल्या संध्याकाळीच दाखल करून घेणं किंवा दुपारची वेळ देणं, हा खरा वैद्यकीय उपाय. ‘पेशंटनं तयारी नीट केली नाही’ असा शेरा मारायला त्यामानानं कमी वेळ लागतो. वयस्कर माणसांचा प्रश्न वेगळा. दहा वेळा उठताना रात्री घेरी येऊन पडण्याची भीती असते, म्हणून घरात कुणीतरी जागं लागतं.

काही गोष्टी मात्र आठवडाभर आधीच विचारून ठेवायच्या. लोहाच्या गोळ्या मळ काळा आणि डांबरासारखा चिकट करतात, म्हणून त्या थांबवतात, इसबगोलही. मधुमेहाच्या गोळ्या, इन्शुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधं यांचं गणित डॉक्टरांनीच करायचं असतं, शेजाऱ्यांनी नव्हे. बद्धकोष्ठ जुनं असेल तर आधी सांगावं, औषध वाढवून मिळतं.

एवढ्या धुलाईत आतड्यातल्या जिवाणूंचं काय होतं? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची संख्या 31 पटींनी घसरलेली दिसली. बहुतेकांच्या आतड्यात चौदा दिवसांत जुनी वस्ती पुन्हा नांदू लागली होती. औषध दोन हिश्शांत घेणाऱ्यांची घडी कमी विस्कटली, हेही त्यातच दिसलं.

तपासणी संपून भूल उतरू लागली की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला: आता जेवू का? बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असतं आणि नातेवाईक डबा उघडतात. तोवर रिपोर्ट छापून येतो. त्यात अपेंडिक्सच्या तोंडाचा एक फोटो असतो, दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचल्याचा पुरावा म्हणून, आणि बऱ्याच ठिकाणी एक बारीकशी ओळ असते जी कुणी वाचत नाही: बोस्टन स्केल 2+3+3. 2009 पासून वापरात असलेली ही गुणपद्धत. आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. एकूण नऊ, आणि पास व्हायला प्रत्येक भागात किमान दोन. आकडे लिहायचा क्रमही ठरलेला आहे. पहिला, तो दोनचा, उजव्या बाजूचा.